माशा मोजण्याची सुटी

आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत एखादा मुलगा ओसरीवर पाय हलवीत बसलेला दिसला, की वडील माणसे हटकून विचारीत, "काय रे, माशा मारीत बसलास काय?" पुढे चौतीस वर्षांच्या मास्तरकीत हाच प्रश्न आम्हीही शेकडो मुलांना विचारला असेल. परंतु यंदाच्या वैशाखात आमच्याच घरातील एका मुलीने जेवणाच्या पंगतीत शांतपणे सांगितले, की आपण सुटीचे दोन महिने माशा पाळावयास, निवडावयास व मोजावयास बंगळुरास जाणार आहोत. आणि त्यासाठी आपणांस विद्यावेतनही मिळणार आहे! आमच्या हातचा घास हातातच राहिला, हे कबूल केले पाहिजे.

प्रथम घरची हकीकत सांगितली पाहिजे. वाईस आमचे घर कृष्णेच्या घाटापासून फार दूर नाही. वडील बंधू, वहिनी, त्यांचे दोन मुलगे, सुना, तीन नातवंडे आणि आम्ही उभयता अशी अकरा माणसे एका चुलीवर जेवतो. चूल आता गॅसची आहे, एवढाच काय तो फरक. बंधूंची थोरली नात पुण्यास राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षास जीवशास्त्र शिकते. तिने गुपचूप अर्ज केला होता, तो मंजूर होऊन आला, आणि तिला एका प्रयोगशाळेत आठ आठवडे काम करण्याची संधी मिळाली. आमचे स्वतःचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत, म्हणजे बोलीभाषेत मॅट्रिक. त्यानंतर जे शिकलो ते शास्त्र्यांच्या पायाशी बसून, संस्कृतात. तेव्हा या विषयातील आमचा अधिकार किती, हे वाचकांनी आधीच ओळखून असावे.

बातमी फुटताच घरात तीन पक्ष झाले. पुतण्याचे, म्हणजे मुलीच्या वडिलांचे म्हणणे असे, की सुटीत स्पर्धापरीक्षेचा वर्ग लावावा; माशांच्या मागे लागून कोणाचे भले झाले आहे? वहिनींचे दुःख निराळे होते. धाकट्या नातवाची मुंज वैशाखातच ठरली होती आणि सख्खी चुलत बहीण त्या दिवशी घरी नसावी, हे त्यांना कसेसेच वाटत होते. शिवाय त्यांनी एकच प्रश्न विचारला, पण तो सगळ्यांत अवघड होता. "त्या माशांचे पुढे काय करतात गं?"

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. तिला खोटे सांगता आले असते. ती म्हणाली, "आजी, काम झाले की मारतात. मोजून झालेल्या माशा मद्यार्काच्या बाटलीत टाकतात."

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पानावरचे हात धुतले व देवघरात गेल्या. तिसरा पक्ष आमचा. आम्ही तर थट्टाच केली. "विद्वानांच्या घरी बाटल्या धुवावयास चालली आहेस, दुसरे काय!" असे म्हणालो. थट्टा आमच्या अंगाशी कशी आली, ते पुढे येईलच. शेवटी वडील बंधूंनी निकाल दिला. "जाऊ द्या तिला. मात्र दर रविवारी तुझ्या धाकट्या आजोबांना मराठीत पत्र लिहायचे. फोनवरचे चार शब्द आम्हाला नकोत." आणि अशा रीतीने तिच्या सुटीतील पत्रे आमच्या वाट्यास आली.

ती गेल्यावर आम्ही कपाट उघडले. मराठी विश्वकोश आमच्याच वाईत सिद्ध झाला, त्याचे खंड घरात आहेत. परंतु आजवर आम्ही त्यांतील शास्त्रीय नोंदी देवळाला प्रदक्षिणा घालावी तशा बाहेरूनच ओलांडीत होतो. आता मात्र आनुवंशिकीविषयी मिळेल ते वाचावयास बसलो. मग जे कळले ते असे.

पिकलेल्या केळ्यांवर जी तांबूस डोळ्यांची, तिळाएवढी चिलटे घोंगावतात, तीच ही माशी. शास्त्रात तिला ड्रॉसोफिला म्हणतात. पंचवीस अंश उष्णतेत ठेवली तर सुमारे दहा दिवसांत तिची एक पिढी पुरी होते: एक दिवस अंडे, चार-पाच दिवस अळी, चार-पाच दिवस कोश, आणि मग पंखांची माशी. अठरा अंशांवर ठेवली तर याला जवळजवळ दुप्पट दिवस लागतात. माणसाची एक पिढी पाहावयास पंचवीस वर्षे थांबावे लागते; तेवढ्या अवधीत हिच्या शेकडो पिढ्या होऊन जातात. आजोबांचे नाक नातवाकडे कसे येते, हा प्रश्न ज्यांना सोडवावयाचा आहे त्यांनी ही माशी का निवडली, हे मग आम्हांस सांगावे लागले नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन नावाच्या प्राध्यापकाने दुधाच्या बाटल्यांतून या माशा पाळल्या होत्या. १९१० साली त्याला लाल डोळ्यांच्या माशांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. त्या एका नराच्या संततीचा हिशेब ठेवता ठेवता, डोळ्यांच्या रंगाचा गुण पेशींतील एका विशिष्ट गुणसूत्राशी बांधलेला आहे, हे त्याने दाखविले. १९३३ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु आमचे लक्ष वेधले ते त्याच्या खोलीतील पोरांनी. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हा तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता. १९११ साली गुरूशी बोलता बोलता त्याला एक कल्पना सुचली, तशी तो माशांचे आकडे घेऊन घरी गेला, कॉलेजचा अभ्यास बाजूला टाकला, आणि रात्र जागून गुणसूत्रावर कोणता गुण कोठे बसला आहे याचा जगातील पहिला नकाशा काढला. तो १९१३ साली छापला गेला. दुसरा कॅल्व्हिन ब्रिजेस. त्याला त्या खोलीत कशासाठी ठेवले होते, असे वाचकांस वाटते? बाटल्या धुण्यासाठी! धुवावयाच्या एका बाटलीच्या जाड काचेतून त्याला निराळ्याच लाल रंगाच्या डोळ्यांची माशी दिसली, असे सांगतात. आणि बाटल्या धुणारा पोरगा संशोधक झाला. आम्ही पुस्तक मिटले. आमच्या थट्टेचे उत्तर आम्हांस शंभर वर्षांपूर्वीच दिले गेले होते.

आपल्या देशातही या माशीची विद्या नवी नव्हे. ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. त्यांच्या शिष्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी या माशीला वास व चव कशी कळते, याचा आयुष्यभर शोध घेतला. पिकल्या केळ्याकडे चिलट नेमके कसे येते, हा आपल्या स्वयंपाकघरातला प्रश्न. परंतु त्यासाठी कोणी आपले आयुष्य वेचले असेल, असे आमच्या कधी मनात आले नव्हते.

पहिल्या रविवारचे पत्र आले. अक्षर घाईचे, पण मजकूर स्वच्छ होता. तिने लिहिले होते, की पहिला आठवडा स्वयंपाकातच गेला. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि आगर पाण्यात शिजवून त्याची खळ करावयाची, ती नळ्यांतून ओतावयाची, थंड होऊ द्यावयाची, वर कापसाची बोळी लावावयाची. हेच माशांचे अन्न व हेच त्यांचे घर. "आजीला सांगा, मी येथे रोज शिरा करते, पण तो आपल्याला खाता येत नाही." खळ निवू लागली की तिच्यात बुरशी न येण्यासाठी एक आम्ल मोजून घालावे लागते. ते एका भांड्यात घालावयाचे ती विसरली. चार दिवसांनी त्या भांड्यातून भरलेल्या चाळीस नळ्यांवर पांढरा कापूस उगवला. तेथील तिची वडीलधारी, म्हणजे डॉक्टरेटसाठी काम करणारी एक मुलगी, तिला ही ताई म्हणते, ती रागावली नाही. तिने एवढेच सांगितले, "वहीत लिही."

दुसऱ्या पत्रात माशा निवडण्याचे वर्णन होते. कर्ब-वायूने त्यांना क्षणभर गुंगी आणावयाची, पांढऱ्या तबकडीवर पसरावयाचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मऊ कुंचल्याने नर इकडे, मादी तिकडे करावयाची. मादी आकाराने मोठी, पोटाकडे निमुळती. नर लहान, त्याच्या पोटाचे टोक काळे, पुढच्या पायांवर केसांची बारीक फणी. संकरासाठी कुमारी मादी हवी असेल तर कोशातून बाहेर आल्यापासून आठ तासांच्या आत ती वेगळी केली पाहिजे, म्हणून प्रयोगशाळेत पहाटेच हजर व्हावे लागते. "घरी असताना आठ वाजेपर्यंत न उठणारी मी पाच वाजता उठते," असे वाचून सूनबाईंनी पत्र आमच्या हातातून घेतले आणि ती ओळ स्वतः दोनदा वाचली.

तिला दिलेले काम लहानच होते. काही माशांना बारा तास उजेड व बारा तास अंधार द्यावयाचा, आणि काहींना दहा दिवस अखंड उजेडात ठेवावयाचे. अंधार न मिळाल्याने माशीच्या अंगातील बळ कमी होते काय, हे पाहावयाचे. हा प्रश्न पोरकट नाही. माशीच्या अंगात दिवस-रात्रीचे घड्याळ असते. १९७१ साली रोनाल्ड कोनोप्का या विद्यार्थ्याने आपले गुरू सेमूर बेंझर यांच्याबरोबर अशा माशा शोधून काढल्या, की ज्यांचे हे घड्याळ बिघडले होते. एकीचा दिवस एकोणीस तासांचा, दुसरीचा अठ्ठावीस तासांचा, तिसरीस दिवसाचा धरबंदच नाही. आणि तिन्हींतला दोष एकाच जनुकात! त्या वाटेने पुढे जाऊन ज्यांनी या घड्याळाची चाके उलगडली, त्या तिघा शास्त्रज्ञांस २०१७ साली नोबेल मिळाले. रात्रपाळीच्या परिचारिकेस किंवा गिरणीच्या कामगारास काय होते, हे समजावयास चिलटाच्या झोपेपासून आरंभ करावा लागतो. माणसाच्या ज्या रोगांचा संबंध जनुकांशी आहे, त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जनुकांचे भाऊबंद या माशीत सापडतात, असेही आम्ही वाचले.

बळ मोजण्याची रीत मोठी गमतीची आहे. वीस माशा उभ्या काचनळीत घालून नळी हलकेच आपटावयाची. सगळ्या तळाशी पडतात आणि पडल्या की स्वभावतःच वर चढू लागतात. दहा सेकंदांत आठ सेंटिमीटरवरील रेघ किती जणींनी ओलांडली, ते मोजावयाचे. बस्स, एवढेच! परंतु ही मोजदाद करण्यापूर्वी तिला जो पहिला धडा मिळाला, त्याच्याच पायी आम्ही हा लेख लिहावयास घेतला.

ताईने तिला पानांवर क्रमांक छापलेली एक जाड वही दिली व चार नियम सांगितले. शाईने लिहावे. पान फाडू नये. चुकले तर खोडून काळे करू नये. एकच आडवी रेघ मारावी, म्हणजे खालचे अक्षर वाचता येते, आणि शेजारी तारीख घालावी. आणि जे दिसले ते, दिसले त्याच वेळी लिहावे. मागाहून सुवाच्य उतरवून काढू नये.

ही चार वाक्ये वाचून आम्ही चष्मा काढला. आम्हांस १९८६ सालची एक दुपार आठवली.

आम्ही नेमणुकीने संस्कृतचे शिक्षक. पण त्या वर्षी शाळेत विज्ञानाचे मास्तर नव्हते, म्हणून सातवीचे विज्ञान आमच्याकडे आले. आम्ही मुलांना सांगितले, की ओल्या कापसावर दहा हरभरे ठेवा, रोज पाहा आणि आठ दिवसांनी कोंबांची उंची वहीत लिहून आणा. आठव्या दिवशी वह्या आल्या. सगळ्यांच्या वह्यांत कोंब उगवले होते, रोज थोडथोडे वाढले होते, सुबक आकृत्या होत्या. एका मुलाच्या वहीत मात्र आठही दिवसांपुढे एकच शब्द होता: "नाही." पहिला दिवस, नाही. दुसरा दिवस, नाही. आठव्या दिवसापुढे त्याने लिहिले होते, "नाही. वास येतो." आकृतीत दहा हरभरे काढले होते, गोल, जसेच्या तसे.

आम्ही त्यास उभे केले. "गाढवा, हरभरे सगळ्यांचे उगवतात, तुझेच कसे उगवत नाहीत? प्रयोग केलाच नाहीस!" तो म्हणाला, "केला, गुरुजी." आम्ही तांबड्या शाईने पानभर फुली मारली आणि शेजारच्या मुलाची वही पाहून नीट लिहून आणावयास फर्माविले. दुसऱ्या दिवशी त्याने तसे लिहून आणले. अक्षर सुंदर होते. कोंब रोज थोडथोडे वाढले होते. आम्ही त्यास दहांपैकी आठ गुण दिले.

वाचकहो, त्या आठ गुणांचे आज आम्हांस काय वाटते, हे कसे सांगावे? त्या वर्गातील कदाचित तो एकटाच असा मुलगा असेल, की ज्याने आठ दिवस खरोखरच कापूस उचलून पाहिला. त्याचे हरभरे का उगवले नाहीत, हे आम्ही विचारलेच नाही. ते जुने किडके होते काय, भाजलेले होते काय, पाणी अधिक झाले काय? "वास येतो" या दोन शब्दांत उत्तराचा धागा होता. तो आम्ही धरला नाही. आता तो कधी कळावयाचा नाही. तो मुलगा पुढे कोठे गेला, तेही आम्हांस ठाऊक नाही. आम्ही त्यास विज्ञान शिकविले नाहीच. पण जे शिकविले, ते न शिकविते तर फार बरे झाले असते.

आणि यात आमच्या संस्कृत विद्येचा दोष होता, असेही म्हणता येत नाही. उलट ती विद्या आम्ही नीट पचविली नव्हती, असेच म्हणावे लागेल. आपल्या दर्शनांत यथार्थ ज्ञानाची साधने, म्हणजे प्रमाणे, किती बारकाईने तपासली आहेत! नैयायिक चार प्रमाणे मानतात. कुमारिलभट्टांच्या परंपरेतील मीमांसक व अद्वैती वेदान्ती आणखी दोन मानतात; त्यांतले एक म्हणजे अनुपलब्धि. एखादी वस्तू नाही, हे ज्ञानही ज्ञानच आहे आणि त्यास स्वतंत्र प्रमाण आहे, असे त्यांचे म्हणणे. वेदान्तपरिभाषेतील तो परिच्छेद आम्ही शास्त्र्यांपुढे मुखोद्गत म्हणून दाखविला होता. आणि त्या मुलाने "नाही" लिहिले तेव्हा, ज्याने अनुपलब्धि पाठ केली होती, त्याच मास्तराने त्यावर फुली मारली.

चौथ्या रविवारचे पत्र आले त्या दिवशी मुंज होऊन दोन दिवस झाले होते. अंगणात मांडव अजून उभा होता. मुलगी मुंजीस आली नाही. माशांचे दहा दिवस नेमके त्याच सकाळी पुरे होत होते, आणि त्या मोजल्या नसत्या तर सारे वाया गेले असते. तिने फोनच्या पडद्यावर भिक्षावळ पाहिली. वहिनी पदर डोळ्यांना लावून बाजूला झाल्या, ते आम्ही पाहिले.

पत्रात निकाल होता. अखंड उजेडातल्या माशा आणि अंधार मिळालेल्या माशा, दोन्ही सारख्याच चढल्या. फरक काही दिसला नाही. एका नळीतील आकडा तर उलटाच आला; उजेडातल्या माशाच अधिक चढल्या. तिच्यासारख्याच सुटीत आलेल्या एका मुलाने सल्ला दिला, की ती नळी सोडून दे, म्हणजे बाकीच्यांत थोडासा फरक दाखविता येईल. "आजोबा, मी रात्री खोलीवर जाऊन खूप रडले. मुंजही गेली आणि हातीही काही आले नाही. नळी सोडून द्यावी असे मलाही वाटले होते, खोटे कशाला सांगू? पण मला आजीचा प्रश्न आठवला. त्या नळीत वीस माशा होत्या. त्या मेल्या. आता मी त्यांचा आकडाच गाळला, तर त्या कशासाठी मेल्या? म्हणून लिहून ठेवला."

हे वाक्य आम्ही वहिनींना वाचून दाखविले. त्या भाजी निवडीत होत्या. त्यांचा हात थांबला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मला तिचे ते काम आवडत नाही ते नाहीच. पण पोरगी खरे बोलते." जीवहत्येचा प्रश्न यामुळे सुटला असे आम्ही म्हणत नाही. तो वहिनींनी विचारला ते योग्यच केले, आणि तो विचारणारे कोणीतरी प्रत्येक घरात असावे, असे आम्हांस वाटते. या प्रश्नाला आमच्या नातीजवळ तरी उत्तर नव्हते. परंतु त्या प्रश्नानेच तिचा हात खोट्यापासून आवरला.

पत्राच्या शेवटी जे होते ते वाचून तर आम्ही चकित झालो. ताईने आकडे पाहून म्हटले, की "फरक दिसला नाही" आणि "फरक नाही" या दोन गोष्टी निराळ्या आहेत. तुझ्या हाताला, तुझ्या मोजण्याला फरक असता तर दिसला असता काय, हे आधी सिद्ध कर. मग तिने चाळीस दिवसांच्या म्हाताऱ्या माशा आणल्या. वयाबरोबर माशीचे चढणे मंदावते, हे जुने व पक्के ज्ञान आहे. तिने त्याच नळ्यांत, त्याच रेघेने, त्याच हाताने त्या मोजल्या. तरुण वीसांपैकी सतरा चढल्या, तर म्हाताऱ्या वीसांपैकी आठ. म्हणजे मोजणी खोटी नव्हती. फरक असता तर दिसला असता. तेव्हा पहिले "नाही" आता काहीसे विश्वासास पात्र झाले. माशा आणखी घेऊन तोच प्रयोग पुन्हा करावयाचा आहे, असे तिने लिहिले होते.

आमच्या वेदान्त्यांनी नेमके हेच सांगितले आहे! केवळ दिसले नाही म्हणून वस्तू नाही, असे होत नाही. अंधारात घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही, असे कोण म्हणेल? येथे घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असून दिसला नाही, तरच तो नाही. यास ते योग्यानुपलब्धि म्हणतात. त्या बंगळूरच्या ताईने वेदान्तपरिभाषा वाचली असेल असे आम्हांस वाटत नाही, आणि आमच्या पूर्वजांना प्रयोगशाळा ठाऊक होती, असला पोकळ अभिमानही आम्हांस मिरवावयाचा नाही. शब्द त्यांनी केले. पण चाळीस दिवसांच्या माशा आणून ते कसास लावण्याचे कष्ट या मुली करीत आहेत. आम्ही शब्द पाठ केले आणि हरभरा उगवला नाही म्हणणाऱ्या मुलाला खोटे ठरविले.

उत्तर लिहिताना आम्ही तिला मॉर्गनची एक गोष्ट कळविली. ती आम्हांस तिच्याच निमित्ताने वाचावयास मिळाली होती. पांढऱ्या डोळ्यांच्या त्या नराचा लाल डोळ्यांच्या माद्यांशी संकर केल्यावर पहिल्या पिढीत १२३७ माशा लाल डोळ्यांच्या निघाल्या. सिद्धान्ताप्रमाणे सगळ्याच लाल निघावयास हव्या होत्या. परंतु तीन नर पांढऱ्या डोळ्यांचे निघाले. बाराशेंत तीन! ते गाळले असते तर कोणाला कळले असते? मॉर्गनला त्यांचे कारण नीट सांगता आले नाही. तथापि १९१० सालच्या आपल्या निबंधात त्याने ते तीन नोंदविले. पुढे त्याच बाटल्या धुणाऱ्या ब्रिजेसने अशा नियम मोडणाऱ्या माशांचा पिच्छा पुरविला. त्या का निघतात, तर क्वचित गुणसूत्रांची जोडी वेगळी होताना चुकते आणि एका अंड्यात दोन्ही जातात, दुसऱ्यात एकही जात नाही. हे त्याने १९१६ साली सप्रमाण दाखविले, आणि गुण हे गुणसूत्रांवरच असतात, या सिद्धान्ताचा भक्कम पुरावा अपवादांतूनच उभा राहिला.

"तेव्हा तुझी उलटी नळी," असे आम्ही लिहिले, "जपून ठेव. तिचे काही होईलच असे नाही. बहुधा काहीच होणार नाही. तरीही जपून ठेव." आणि मग, जे आजवर घरात कोणास सांगितले नव्हते, ते १९८६ सालचे सर्व लिहिले. नातीजवळ असे कबूल करणे आमच्या वयास शोभते की नाही, याचा विचार करीत पत्र दोन दिवस टेबलावर पडून होते. तिसऱ्या दिवशी आम्ही ते स्वतः पोस्टात टाकले.

धाकटा, ज्याची मुंज झाली, तो सध्या डोक्यावर घेरा व कमरेस लंगोटी मिरवीत घरभर हिंडतो. परवा दुपारी तो ओसरीवर पाय हलवीत बसला होता. आमच्या तोंडावर जुना प्रश्न आला होता, तो आम्ही गिळला. त्यास जवळ बोलाविले, एक कोरी वही दिली, पानांवर त्याच्याच हाताने क्रमांक घालविले आणि दहा मूग मोजून ओल्या कापसावर ठेवविले. काल तिसरा दिवस होता. सात मुगांना मोड आले, तीन तसेच. त्याने आमच्याकडे पाहिले आणि भीतभीत विचारले, "आजोबा, तीन नाही उगवले. दहाच लिहू का?"

आम्ही म्हणालो, "नाही रे बाळा. सात उगवले, तीन नाही, असेच लिही. आणि त्या तिघांना वास येतो का, तेही बघ."

त्याने कापसाला नाक लावले, बराच वेळ विचार केला, आणि वहीत लिहू लागला.